विल लिव्हरमनला ओनेगिन द्या

प्रति,
श्री. पीटर गेल्ब,
सरव्यवस्थापक, मेट्रोपॉलिटन ऑपेरा,
लिंकन सेंटर, न्यूयॉर्क.



मी मुंबईचा. ख्यालगायकी ऐकत वाढलो. ऑपेरा म्हणजे काय हे मला कळलं ते नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या मेटच्या प्रक्षेपणांमुळे. २००६ साली तुम्ही सूत्रं हाती घेतलीत आणि त्याच हंगामात ही प्रक्षेपणं सुरू केलीत. न्यूयॉर्कच्या तिकिटाचा विचारही करू न शकणाऱ्या माझ्यासारख्या हजारो श्रोत्यांना त्यामुळे तुमच्या रंगमंचाची ओळख झाली. त्या नात्यानं हे पत्र लिहितो आहे. ते उघड लिहितो आहे, कारण इथल्या संगीतप्रेमींनीही ते वाचावं असं मला वाटतं.

विषय एकच आहे: विल लिव्हरमन नावाचा बॅरिटोन, म्हणजे मधल्या उंचीच्या पुरुषी आवाजाचा गायक, आणि त्याची पुढची दहा-पंधरा वर्षं.

२७ सप्टेंबर २०२१ची रात्र तुम्हाला आठवत असेलच. करोनामुळे दीड वर्ष बंद राहिलेल्या तुमच्या रंगमंचावर ऑपेरा परतला तो टेरेन्स ब्लँचर्ड यांच्या 'फायर शट अप इन माय बोन्स'नं. १८८३ साली सुरू झालेल्या मेटनं कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा सादर करण्याची ती पहिली वेळ होती. हार्लेममधल्या मार्कस गार्वी पार्कमध्ये मोठा पडदा लावून तिथल्या लोकांनाही तुम्ही तो प्रयोग दाखवलात. पत्रकार चार्ल्स ब्लो यांच्या आत्मकथेवर केसी लेमन्स यांनी संहिता लिहिलेली. लहानपणी नात्यातल्याच मोठ्या मुलानं केलेला अत्याचार मनात घेऊन वाढलेला लुइझियानातला एक तरुण पिस्तूल घेऊन घराकडे निघाला आहे, इथून गोष्ट सुरू होते. तो तरुण लिव्हरमननं उभा केला.

मला त्या भूमिकेत सर्वांत जास्त भावली ती त्याची माघार. गोष्ट मागे जाते, लहानगा चार्ल्स समोर येतो आणि मोठा चार्ल्स त्याच्या आसपास वावरत स्वतःचंच बालपण पाहतो. अशा जागी गायकाला आपला आवाज दाखवायचा मोह होतो. लिव्हरमन तिथे आवाज आवरून धरतो. मधल्या सप्तकात शब्द जवळजवळ बोलल्यासारखे येतात, पण सूर एका क्षणासाठीही सैल पडत नाही. तार सप्तकात जाताना तो ओरडत नाही, तर स्वर उघडत नेतो. आमच्याकडे ज्याला आवाजाचा लगाव म्हणतात तो फार थोड्यांकडे असतो. त्याच्याकडे तो आहे.

आणि तो एका रात्रीत आलेला नाही. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण वर्तमानपत्रांनी त्या रात्रीनंतर त्याची गोष्ट अचानक उगवलेल्या ताऱ्याची करून टाकली. लिव्हरमनचा जन्म १९८८चा. व्हर्जिनिया बीचमध्ये, पेंटेकोस्टल चर्चमधली गॉस्पेल गाणी ऐकत तो वाढला, कानानं पियानो शिकला. इलिनॉयमधलं व्हीटन कॉलेज, मग न्यूयॉर्कचं जूलिअर्ड आणि नंतर शिकागोच्या लिरिक ऑपेराचं रायन ऑपेरा सेंटर. या शेवटच्या टप्प्याचं महत्त्व बाहेरच्यांना कळत नाही. असल्या केंद्रात तरुण गायक दूत, नोकर, शिपाई अशा दोन-चार ओळींच्या भूमिका करतो आणि त्याच वेळी एखाद्या नामवंताची संपूर्ण भूमिका पाठ करून आत तयार बसतो. तो नामवंत आजारी पडला तरच याची पाळी येते. बहुतेक वेळा येतच नाही. तरीही भूमिका अंगात मुरते, आणि समोरचा जाणता गायक कुठे श्वास घेतो, कुठे ताकद राखून ठेवतो, हे रोज पाहायला मिळतं.

तिथून बाहेर पडल्यावर २०१५ साली फिलाडेल्फियात 'चार्ली पार्कर्स यार्डबर्ड' या नव्या ऑपेरात त्यानं डिझी गिलेस्पी साकारला. मेटवर तो २०१८ साली निको म्यूलीच्या 'मार्नी'मध्ये आला, मग फिलिप ग्लासच्या 'आखनातेन'मध्ये. त्या 'आखनातेन'च्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं, पुढे 'फायर'च्या ध्वनिमुद्रणालाही मिळालं. २०२२ साली तुमच्याच संस्थेनं त्याला बेव्हर्ली सिल्स यांच्या नावाचा पुरस्कार दिला. नोव्हेंबर २०२३मध्ये अँथनी डेव्हिस यांच्या 'एक्स'मध्ये तो माल्कम एक्स झाला. १९८६ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेरात पहिल्यांदा आलेला हा ऑपेरा मेटपर्यंत पोहोचायला सदतीस वर्षं लागली.

या सगळ्याचं श्रेय तुमचं आहेच. चार्ल्स ब्लो आणि माल्कम एक्स यांच्या कहाण्या तुमच्या रंगमंचावर यायला हव्या होत्या, त्या तुम्ही आणल्यात. पण मेटच्या श्रोत्यांच्या मनात लिव्हरमनचं नाव ज्या दोन भूमिकांनी कोरलं गेलं, त्या दोन्हींचा विषय त्याच्या वर्णाशी बांधलेला आहे. नव्या कहाण्या उभ्या करायच्या तेव्हा त्याचं नाव सर्वांत आधी सुचतं. फिगारो, ओनेगिन, पोझा या जुन्या ऑपेरांतल्या भूमिकांसाठीही ते तितक्याच सहज सुचायला हवं, आणि हंगामामागून हंगाम सुचत राहायला हवं. माझी मागणी एवढीच आहे. ती का करतो आहे हे समजावं म्हणून तुमच्याच संस्थेच्या इतिहासात थोडं मागे जातो.

२ जानेवारी १९२५. मेटवर वर्दीच्या 'फाल्स्टाफ'चा प्रयोग. शीर्षक भूमिका अंतोनिओ स्कॉटीची, पण फोर्डच्या भूमिकेत लॉरेन्स टिबेट नावाचा कॅलिफोर्नियाचा अठ्ठावीस वर्षांचा बॅरिटोन होता. त्याच्या एकलगायनानंतर प्रेक्षक गप्प बसेनात. तो पुढे येऊन अभिवादन करेपर्यंत टाळ्यांनी प्रयोग अडवून धरला. दुसऱ्या दिवशी तो प्रसिद्ध झाला. पुढे मेटनं त्याच्यासाठी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. एकीकडे त्याला नवे अमेरिकी ऑपेरा दिले: १९२७ साली डीम्स टेलरचा 'द किंग्ज हेंचमन', १९३१ साली त्याचाच 'पीटर इबेट्सन', १९३४ साली हॉवर्ड हॅन्सनचा 'मेरी माउंट'. दुसरीकडे वर्दीचं दालन पूर्ण उघडून दिलं. १९३२ साली 'सिमोन बोकानेग्रा' मेटवर पहिल्यांदा झाला तो टिबेटला घेऊन. रिगोलेत्तो, 'ला त्राविआता'मधला बाप जेर्मां, 'ओतेल्लो'मधला यागो या भूमिका त्याच्याकडे आल्या आणि वर्षानुवर्षं राहिल्या. नव्या संगीतानं त्याला धार दिली आणि जुन्यानं वजन. दोन्ही मिळाल्यामुळे तो टिबेट झाला.

पण त्याच टिबेटच्या यादीत १९३३चा 'द एम्परर जोन्स'ही आहे. लुई ग्रुएनबर्गचा हा ऑपेरा युजीन ओनीलच्या नाटकावर बेतलेला. नायक कृष्णवर्णीय, आणि तो साकारण्यासाठी टिबेटनं तोंडाला काळा रंग फासला. त्या प्रयोगात हेम्स्ली विनफिल्ड हा कृष्णवर्णीय नर्तक आपल्या पथकासह नाचला. मेटवर कृष्णवर्णीय गायकाला मात्र अजून मज्जाव होता. म्हणजे कहाणी त्यांची चालत होती, गळा चालत नव्हता.

टॉड डंकन यांचं आयुष्य याच काळातलं. हॉवर्ड विद्यापीठात गायन शिकवणारे हे बॅरिटोन १९३५ साली गर्शविनच्या 'पोर्गी अँड बेस'मधले पहिले पोर्गी झाले. वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये प्रेक्षकांची वर्णानुसार विभागणी होते हे कळल्यावर त्यांनी आणि सहकलाकारांनी तिथे गायला नकार दिला, आणि थिएटरला त्या प्रयोगांपुरता तो नियम मागे घ्यावा लागला. १९४५ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेरात 'पाल्याच्ची'मधला तोनिओ गाऊन एका मोठ्या अमेरिकी कंपनीत प्रमुख भूमिका करणारे ते पहिले कृष्णवर्णीय गायक ठरले. तरी जगानं त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा मागितला तो पोर्गीच. त्यांनी तो १,८००हून अधिक वेळा केला असं सांगतात. त्या भूमिकेबद्दल मला आदर आहे. पण १,८०० वेळा पोर्गी गाणाऱ्या माणसाचे किती रिगोलेत्तो, किती जेर्मां न गायलेले राहिले, हा विचार माझ्या मनातून जात नाही. गर्शविननं आपला ऑपेरा कृष्णवर्णीय कलावंतांनीच करावा असा आग्रह धरला तो चांगल्या हेतूनं. त्यातून शेकडो गायकांना काम मिळालं. पुढे मात्र अनेकांची तक्रार राहिली की पोर्गीनंतर फोन यायचा तो पुढच्या पोर्गीसाठीच.

आणि मग रॉबर्ट मॅकफेरिन. ७ जानेवारी १९५५ला मेरियन अँडरसन मेटवर गाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका ठरल्या, हे जगाला माहीत आहे. त्यानंतर वीस दिवसांनी, २७ जानेवारीला, मॅकफेरिन तिथे गाणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष ठरले, हे फार कमी लोकांना आठवतं. १९५३ साली त्यांनी मेटची नभोवाणीवरची गायनस्पर्धा जिंकली होती. पदार्पणासाठी दिलेली भूमिका 'आईदा'मधल्या आमोनास्रोची, म्हणजे इथिओपियाच्या राजाची. तिथेही वर्ण जुळवूनच भूमिका आली. पण पुढच्याच वर्षी, १९५६ साली, मेटनं त्यांना रिगोलेत्तो दिला. मांतुआच्या दरबारातला विदूषक, इटालियन बाप, वर्दीच्या बॅरिटोन भूमिकांतली सर्वांत अवघड. तुमच्या संस्थेला हे १९५६ साली जमलं होतं. तीन हंगामांत त्यांचे प्रयोग झाले जेमतेम दहा. मग त्यांनी मेट सोडलं. 'पोर्गी अँड बेस'च्या १९५९च्या चित्रपटात सिडनी पॉइटियरच्या ओठांवर जो आवाज आहे तो मॅकफेरिन यांचा. पडद्यावर चेहरा दुसऱ्याचा. त्यांचा मुलगा बॉबी मॅकफेरिन पुढे जगप्रसिद्ध झाला, आणि आमच्याकडे मॅकफेरिन म्हटलं की लोकांना तोच आठवतो.

एका रिगोलेत्तोनं बॅरिटोनची कारकीर्द बनत नाही. पन्नास रिगोलेत्तोंनी बनते. दार उघडणं आणि माणसाला घरात राहू देणं यांत जे अंतर आहे ते मॅकफेरिन यांच्या दहा प्रयोगांत मला दिसतं. हेच अंतर लिव्हरमनच्या पिढीत मिटावं असं मला कळकळीनं वाटतं.

मुंबईत बसून मला याची एवढी तळमळ का, असं तुम्हाला वाटेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तुमच्या शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम तिथून हाकेच्या अंतरावर. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं आपलं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. तिकडची झुंज इथे आपली म्हणून वाचली गेली आहे. त्यामुळे एखाद्या कलावंताला त्याची वेदना गाण्यासाठीच बोलावणं येत असेल, तर त्यातली खोच आम्हाला लगेच कळते. आमच्याकडे आंबेडकरी जलशातल्या गायकांना आमंत्रणं येतात ती १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या आसपास. गळा बारा महिने तोच असतो.

याच महाराष्ट्रानं उलटही अनुभवलं आहे. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीतं गायली आणि त्यांच्याच आवाजातली विठ्ठलाची गाणी आषाढीला, आरत्या गणेशोत्सवात गावोगाव वाजतात. ऐकणारा त्या आवाजात विरघळतो, गायकाची जात विचारत नाही. एका गळ्यात दोन्ही मावतात आणि दोन्हींत तो खराच असतो. लिव्हरमनबाबत मला हेच हवं आहे. त्यानं माल्कम गावाच, शॉन ओकपेबोलोंसारख्या आजच्या संगीतकारांची गाणी ध्वनिमुद्रित करावीतच. 'ड्रीम्स ऑफ अ न्यू डे' हा त्याचा २०२१चा कृष्णवर्णीय संगीतकारांच्या गीतांचा अल्बम मी पुन्हा पुन्हा ऐकतो. बर्मिंगहॅम आणि चार्ल्स्टन इथल्या चर्चांमधल्या हत्यांवरची त्यातली दोन गाणी ऐकल्यावर बराच वेळ दुसरं काही लावावंसं वाटत नाही. पण त्या गळ्याला जेर्मांही मिळायला हवा, ओनेगिनही.

आता घाई का, तर बॅरिटोनचं वय. आमच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगतो. काळी एकच्या पट्टीत धरलं तर बॅरिटोनचा पल्ला साधारण मंद्र सप्तकातल्या कोमल धैवतापासून तार सप्तकातल्या कोमल धैवतापर्यंत. त्यातला तार सप्तकातल्या तीव्र मध्यमाच्या आसपासचा भाग हा खरा कसोटीचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या आवाजाला स्वतंत्र स्थान नव्हतं, तो खालच्या बास आवाजातच मोजला जायचा. वर्दीनं तो वर खेचला. फेलिचे वारेझी या गायकासाठी त्यानं १८४७ साली मॅकबेथ, १८५१ साली रिगोलेत्तो आणि १८५३ साली जेर्मां लिहिला, आणि दर वेळी गळ्याला त्या वरच्या तिसऱ्या हिश्शात रेंगाळायला लावलं. टेनरला, म्हणजे बॅरिटोनपेक्षा उंच पुरुषी आवाजाला, तिथून वर जायला अजून जागा असते. बॅरिटोन तिथे आपल्या छताला टेकलेला असतो. आणि हे सगळं ध्वनिवर्धकाविना, सुमारे ३,८०० आसनांच्या सभागृहात, पूर्ण वाद्यवृंदाच्या वरून. वाद्यवृंदाची ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास एकवटते आणि वर विरळ होत जाते. तयार गायकाच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास एक तेजस्वी पट्टा असतो, तो त्या विरळ जागेतून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. केशवराव भोसल्यांच्या गाण्याच्या आठवणी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना ही फेक म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही.

ही फेक जोर लावून येत नाही. ती सावकाश पिकते. हलक्या बॅरिटोनचा आवाज पस्तिशीनंतर भरू लागतो, चाळिशीत त्याला रंग चढतो आणि पन्नाशीपर्यंत तो ऐन भरात असतो. लिव्हरमन आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. या काळात रिकामी गेलेली वर्षं भरून निघत नाहीत. तुमच्यासारखी गृहं आपले हंगाम चार-पाच वर्षं आधी ठरवतात. म्हणजे आज त्याचं नाव एखाद्या भूमिकेपुढे लिहिलं गेलं नाही, तर ती भूमिका त्याच्याकडे पंचेचाळिशीत जाईल.

त्याला उद्याच रिगोलेत्तो द्या असं मी म्हणत नाही. त्याचा आवाज मुळात लवचीक आणि गीतप्रधान आहे. असे आवाज घाईघाईनं वर्दीच्या भारदस्त भूमिकांत ढकलले की चार-पाच वर्षांत थरथरू लागतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिलं असेल. शिवाय नव्या ऑपेरांतली प्रमुख भूमिका गळ्यावर सोपी नसते. ताल अनोळखी, झेपा मोठ्या, आणि एकदा प्रयोग संपले की तीन वर्षं ती भूमिका कुणी पुन्हा मागत नाही. जुन्या भूमिकेचं तसं नसतं. फिगारो शंभरदा गाऊन गायकाला कळतं की कुठे थकवा येतो आणि कुठे विश्रांती मिळते. ती भूमिका त्याचं घर होते आणि नव्या अवघड कामाहून परतल्यावर गळा तिथे पुन्हा ताळ्यावर येतो. टिबेटकडे अशी घरं होती.

फिगारोबद्दल तर लिव्हरमनला कुणी काही शिकवायची गरज नाही. अमेरिकेतल्या इतर शहरांत त्यानं तो गायलेला आहे. आणि एवढ्यावर न थांबता त्यानं डीजे किंग रिको यांच्यासोबत 'द फॅक्टोटम' रचला. रोसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल'पासून स्फूर्ती घेऊन, शिकागोच्या साउथ साइडमधल्या केशकर्तनालयात घडणारा, गॉस्पेल, रॅप, आर अँड बी यांनी भरलेला ऑपेरा. २०२३ साली लिरिक ऑपेरानं तो सादर केला आणि लिव्हरमन स्वतः त्यात गायला. जो गायक एखादी रचना उलगडून आपल्या मोहल्ल्यात नव्यानं बांधू शकतो, त्याला मूळ रचना किती आतून कळली असेल! त्याचा रोसिनीचा फिगारो मेटच्या रंगमंचावर आणि मेटच्या प्रक्षेपणात आला, तर तो जगभरच्या पडद्यांवर पाहता येईल.

ओनेगिनचं नाव मी शीर्षकात घातलं त्यामागे कारण आहे. ऑपेरात बॅरिटोन बहुधा बाप असतो, मित्र असतो किंवा खलनायक. प्रेम टेनरच्या वाट्याला. चायकोव्स्कीच्या 'युजीन ओनेगिन'मध्ये मात्र बॅरिटोन प्रेमाच्या केंद्रस्थानी उभा आहे. आधी तात्यानाला नाकारणारा, शेवटी तिच्या पायाशी येऊन नाकारला जाणारा. कृष्णवर्णीय पुरुष गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे बोलून दाखवलं आहे की लिओंटिन प्राइस, ग्रेस बम्ब्री, शर्ली व्हेरेट, जेसी नॉर्मन यांना जी दारं उघडली ती पुरुषांना तितकी उघडली नाहीत, कारण गोऱ्या नायिकेसमोर कृष्णवर्णीय प्रियकर उभा करायला व्यवस्थापक कचरत. अशा प्रसंगांची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही. भूमिका दुसऱ्याला जाते, एवढंच घडतं. म्हणून ओनेगिन. आणि ही कथा ज्यानं लिहिली त्या पुश्किनचे पणजोबा अब्राम गान्निबाल आफ्रिकेतून आलेले होते, पुश्किनला त्याचा अभिमान होता. ही जोड मी पुरावा म्हणून देत नाही, कारण ओनेगिन गाण्यासाठी लिव्हरमनला पुराव्याची गरज नाही. पण रशियन सरदार म्हणजे अमुकच चेहरा, असा आग्रह धरणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

तुमच्या अडचणी मी वाचल्या आहेत. २०२२च्या अखेरीस तुम्ही राखीव निधीतून तीन कोटी डॉलरपर्यंत रक्कम काढण्याचा आणि प्रयोग सुमारे दहा टक्क्यांनी कमी करण्याचा निर्णय जाहीर केलात, आणि त्याच वेळी नव्या ऑपेरांवर भर देण्याचं ठरवलंत. नवे ऑपेरा नवा प्रेक्षक आणतात हा तुमचा अनुभव खरा असणार. पण 'फायर' पाहायला पहिल्यांदा मेटची पायरी चढलेला हार्लेमचा प्रेक्षक दुसऱ्यांदा कशासाठी येईल? ज्या गायकासाठी तो आला होता, तोच गायक 'ला त्राविआता'त दिसला तर तो 'त्राविआता'ला येईल. नव्या प्रेक्षकाला जुन्या ऑपेरापर्यंत हाताला धरून नेणारा माणूस तुमच्याकडे आहे. रायन स्पीडो ग्रीन, एंजल ब्लू, लटोनिया मूर हेही आहेत. पण ब्लू आणि मूर यांच्या नावांपुढे वर्दी-पुच्चिनी सहज दिसतात, आणि पुरुषांचं दालन अजून तितकं भरलेलं नाही.

तेव्हा माझी विनंती स्पष्ट शब्दांत मांडतो. लिव्हरमनसाठी एक क्रम आखा आणि तो त्याला आधी सांगा, म्हणजे त्याला गळा त्या दिशेनं तयार करता येईल. येत्या दोन-तीन हंगामांत रोसिनीचा फिगारो आणि मोत्झार्टच्या 'द मॅरेज ऑफ फिगारो'मधला काउंट आल्माव्हिवा, मग ओनेगिन. त्यानंतर ब्रिटनचा 'बिली बड' आणि 'दोन कार्लोस'मधला पोझा, कारण मित्रासाठी मरणारा तो उमदा सरदार गीतप्रधान बॅरिटोनला वर्दीकडे नेणारा सर्वांत सुरक्षित रस्ता आहे. पंचेचाळिशीच्या सुमारास जेर्मां. रिगोलेत्तो तेव्हाच, जेव्हा तो स्वतः म्हणेल. प्रत्येक भूमिका एकदाच करून गुंडाळून ठेवू नका, पुन्हा पुन्हा द्या. मधूनमधून त्याच्यासाठी नवे ऑपेरा लिहून घ्या, आणि त्यांतल्या एखाद्याचा विषय प्रेम असू द्या, विज्ञान असू द्या, समुद्र असू द्या.

वर्दीची दोन्ही मुलं १८३८ आणि १८३९मध्ये गेली, १८४०मध्ये पत्नी गेली. त्यानंतर आयुष्यभर तो बॅरिटोनसाठी बाप लिहीत राहिला: नाबुक्को, मिलर, रिगोलेत्तो, जेर्मां, बोकानेग्रा. त्या बापांपैकी कुणाच्याही दुःखाला रंग नाही. 'फायर'मध्ये स्वतःच्या बालपणाकडे पाहत गाणारा लिव्हरमन ज्यांनी ऐकला, त्यांना तो एक दिवस हे बाप कसे गाईल याची कल्पना करता येते. निदान मला येते, आणि ते ऐकायची मला फार इच्छा आहे.

दर वर्षी हिवाळा सरता सरता तुमच्या पुढच्या हंगामाची यादी जाहीर होते. इथे आम्ही काही जण ती मिळून वाचतो आणि प्रक्षेपणांच्या तारखा वहीत उतरवून ठेवतो. या वेळी सर्वांत आधी 'बार्बर' आणि 'ओनेगिन' या दोन नावांपुढे कोण आहे ते पाहू. तुमच्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
मुंबईचा एक श्रोता